धुक्यात उघडलेली जाळी

अलकनंदाने फरीदाबादच्या सरकारी क्वार्टरमागे दोन नव्या कोंबड्या आणल्या, त्याला आठ दिवस झाले. मधे जाळी लावली होती, तरी जुन्या पाचजणी तिच्यातून चोच घालून नव्यांना टोचत. जणू अंगण यांच्या बापाचं.

आई सांगायची, नवी कोंबडी अंधारात सोडावी, म्हणजे जुन्या तिला आपलीच समजतात. अलकनंदाला अंधाराऐवजी जानेवारीचं धुकं मिळालं. सकाळी दारापुढचा नळही दिसेना, तेव्हा तिने अलगद जाळी उचलली. पांढऱ्या धुक्यात सातजणींचं हलकं कुकुकुकु मिसळून गेलं. टोचाटोचीचा आवाज नाही, फडफड नाही. कोण नवी, कोण जुनी, तिलाही कळेना. आपण झोपेतच उभ्या आहोत, असं तिला वाटलं.

तेवढ्यात भिंतीपलीकडून शेजारणीचा आवाज आला. नवऱ्याच्या बदलीनंतर इथे येऊन चार महिने झाले, पण ही बाई तिच्याशी एका शब्दाने बोलली नव्हती.

"भाभी, थोडी अदरक होगी क्या?"

अगदी रोज मागत असल्यासारखी.

"है ना, अभी लाई," म्हणत अलकनंदा आत गेली. आल्याचा मोठा तुकडा मुठीत घेतला आणि धुकं विरायच्या आत पोचावं म्हणून अनवाणीच भिंतीकडे धावली.