दोमितिलाच्या कॉफीचा गाळ

कोआतेपेक गावातल्या एका गल्लीतलं गटार पुन्हा तुंबलं आणि सगळ्यांची बोटं पुन्हा दोमितिलाच्या खाणावळीकडे वळली. रोज दोन हंडे कॉफी उकळायची आणि गाळ सरळ गटारात! "गावच्या संत सान हेरोनिमोच्या जत्रेपर्यंत हे थांबलं नाही, तर नगरपालिकेला सांगून खाणावळीला टाळं लावू," शेजाऱ्यांनी बजावलं.

जत्रेला दोन महिने होते. निवृत्त शिक्षिका ओब्दुलियाबाईंनी तोडगा काढला. "अगं, या गाळावर धिंगरी अळिंबी उगवते. मेयोनीजच्या रिकाम्या बादल्या धुऊन त्यांना भोकं पाड. ताज्या गाळात अंड्यांच्या पुठ्ठ्याचे तुकडे मिसळ. बियाणं मी देते."

दोमितिलाने मन लावून चार बादल्या भरल्या. आठवड्याने झाकण उघडून बघते तर काय, सगळं हिरवंगार बुरसलेलं!

"वा! पालकाची शेती केलीस की!" नवरा फिदेन्सियो पोट धरून हसला.

तिचा पारा चढला. बादली उचलून ती बाईंच्या दारात हजर. "बाई, तुमचं बियाणंच सडकं!"

बाईंनी गाळ नाकाशी नेला. "दोमितिला, कॉफीत गूळ कधी घालतेस?"

"कधी म्हणजे? गूळ, दालचिनी, कॉफी, सगळं एकत्रच उकळतं. माझ्या आईची रीत आहे ती!"

"मग या हिरव्या बुरशीला गोडधोड तूच वाढलंस की! वर दालचिनीने अळिंबीची वाढ खुंटवलीस. आधी कोरी कॉफी उकळ, गाळून घे. मग तिच्यात गूळ-दालचिनी टाक."

"गिऱ्हाइकं तोंड वाकडं करतील!"

"आणि गल्ली वर्षभर नाक दाबून चालतेय, ते?"

हे मात्र दोमितिलाला खरंच लागलं. बिचाऱ्या बियाण्यावर उगाच राग काढला, याचीही लाज वाटली.

दुसऱ्या दिवसापासून ती कॉफी गाळून मग गूळ घालू लागली. गंमत म्हणजे एकाही गिऱ्हाइकाला फरक कळला नाही! कोऱ्या गाळाने पुन्हा भरलेल्या बादल्यांच्या भोकांतून महिन्याभरात धिंगरीचे करडे घोस बाहेर आले. मग बादल्या वाढत गेल्या, उरलेला गाळ परसातल्या झाडांना गेला आणि गटार मोकळं वाहू लागलं.

जत्रेच्या दिवशी गल्लीभर मक्याच्या गरमागरम तोर्तिया-पोळ्यांत भरलेली अळिंबी वाटली गेली. सगळ्यांत जास्त ओरडणारी शेजारीण तिसरी तोर्तिया खाता खाता म्हणाली, "टाळं? कोण म्हणालं टाळं? मग आम्ही जेवायचं कुठे?"

मंडळी, कचरा आपल्या दाराबाहेर गेला म्हणजे संपत नाही, तो शेजाऱ्याच्या दारात जाऊन बसतो. त्याचं सोनं करता येतं, पण त्यासाठी आधी आपलीच एखादी लाडकी सवय मोडावी लागते. दोमितिलाने ती मोडली. आपण कधी मोडणार?