भानोजीचे न पोचलेले मेल

प्रोफेसर कामेश्वरी निवृत्त झाल्या तेव्हा त्यांनी कॉलेजकडे एकच गोष्ट मागितली: कॉलेजच्या नावाचा आपला ईमेल पत्ता चालू राहू द्या. समुद्रातल्या गोगलगायींवरच्या त्यांच्या प्रत्येक निबंधावर तोच छापलेला होता. कॉलेजने तो ठेवला. त्यावर आलेला मेल आपोआप त्यांच्या घरच्या ईमेल पत्त्याकडे जाऊ लागला. मी त्याच कॉलेजात कॉम्प्युटर शिकवते आणि त्यांच्या खालच्या मजल्यावर राहते, म्हणून पुढचं सगळं माझ्यासमोर घडलं.

भानोजी त्यांचा लाडका विद्यार्थी. जवळच्या भीमिली गावातल्या कोळ्याचा मुलगा. ओहोटीला खडकांच्या फटीत हात कसा घालायचा हे आपल्याला त्यानेच शिकवलं, असं मॅडम कौतुकाने सांगायच्या. बाकीचे विद्यार्थी आदराने 'प्रोफेसर गारू' म्हणायचे, तो त्यांना अम्मा म्हणायचा. नॉर्वेतल्या एका संस्थेत नोकरी मिळाली तेव्हा मात्र दोघांचं वाजलं.

"काम अर्ध्यावर टाकून चाललास," त्या म्हणाल्या.

"अर्ध्या पगारावर किती दिवस काढू, अम्मा?" तो म्हणाला आणि गेला. त्यानंतर कोणीच कोणाला फोन केला नाही.

मग एका सकाळी मॅडमनी मला वर बोलावलं. ताटातला मुगाचा पेसरट्टू गार होऊन वातड झाला होता. समोर स्क्रीनवर भानोजीचा निबंध: भीमिलीच्या किनाऱ्यावर सापडलेली गोगलगायीची नवी जात. नमुने मॅडमनी जमवलेले, लेखक म्हणून नाव त्याच्या एकट्याचं. शेवटी मॅडमचे नुसते आभार.

"सत्यवती, एका शब्दाने विचारलं नाही गं त्याने."

"फोन करून बघा ना."

"चोराला मी फोन करू?"

त्यांनी त्याच्या संस्थेकडे तक्रार केली, आणि ओळखीच्या सगळ्या शास्त्रज्ञांनाही ती पाठवली. चौकशी बसली. त्याच सुमारास त्याचा करार संपत होता. संस्थेने तो वाढवला नाही.

तक्रार घरच्या पत्त्यावरून केलेली, त्यामुळे भानोजीचं उत्तर थेट तिथे आलं. पहिलं नाव तुमचं ठेवतो म्हणून मी कॉलेजच्या पत्त्यावर पुन्हा पुन्हा लिहिलं, असं त्यात होतं. शेवटच्या वेळी लिहिलं की उत्तर आलं नाही तर तुम्हाला नाव नको आहे असं समजेन. सोबत सगळ्या मेलच्या प्रती होत्या.

"आता बनवले असतील," मॅडम म्हणाल्या.

मला पटेना. मी कॉलेजच्या सर्व्हरवर शोधलं. सगळे मेल तिथे होते.

भानोजीच्या संस्थेचा नियम कडक होता: आमच्या नावाचा मेल आमच्या मशीनवरून आला, किंवा त्यावरची आमची डिजिटल सही शाबूत असली, तरच घ्या, नाहीतर परतवा. मेल कॉलेजपर्यंत नीट आला. तिथून पुढे निघाला तो कॉलेजच्या मशीनवरून, म्हणजे पहिली अट गेली. तरी सहीने तारलं असतं. पण बाहेरून आलेल्या प्रत्येक मेलखाली आमचं कॉलेज 'जपून उघडा' अशी ओळ चिकटवतं, आणि मजकूर बदलला की सही मोडते. मॅडमच्या घरच्या मेलबॉक्सने तो बनावट ठरवून दारातूनच परतवला. परतलेला मेल कॉलेजच्या अशा एका खात्यात पडला, जे कोणी उघडत नाही. भानोजीला वाटलं, पोचला. इतरांचे मेल मात्र येत राहिले, कारण सगळेच इतके कडक नसतात.

मी हे सगळं मॅडमना सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी तक्रार मागे घेतली. संस्थेने भानोजीला निर्दोष ठरवलं. पण त्याच्या जागी दुसरा माणूस आला होता.

त्यांनी माझ्यासमोरच त्याला फोन लावला.

"मेल आलेच नव्हते रे."

"कळलं. सत्यवती अक्कांनी सांगितलं."

"मग बोल ना काहीतरी."

"मेल अडले, तो मशीनचा दोष, प्रोफेसर गारू. मला चोर मशीनने नाही म्हटलं."

मॅडमचा आवाज चढला. "आणि तू काय समजलास? म्हातारी रुसून बसलीय, असंच ना? तुला फोन करता येत नव्हता?"

"येत होता," तो म्हणाला, आणि फोन ठेवला.

चिकटवलेली ती ओळ काढा, असं मी प्रिन्सिपॉलना सांगायला गेले. "निवृत्त माणसांना पत्ता ठेवू दिला हेच खूप झालं," ते म्हणाले. ओळ अजून तशीच आहे.

निबंध दुरुस्त होऊन पुन्हा छापला गेला, पहिलं नाव मॅडमचं. त्यासाठी भानोजीची लेखी संमती लागली. ती त्याने संपादकाकडे पाठवली, मॅडमना एक शब्दही नाही. आता तो काकिनाड्याला कोळंबीचं खाद्य विकणाऱ्या कंपनीत आहे. बसने एका दिवसात जाऊन येता येतं. मॅडम गेलेल्या नाहीत, आणि तोही आलेला नाही.