खाट क्रमांक चौदा

"माझ्या फौजेच्या डिस्चार्ज बुकात हुद्दा चुकलाय. दुरुस्त करून घ्यायचाय," आबा सकाळी चहा पिता पिता म्हणाले, आणि कप खाली ठेवायच्या आत लेकीने त्यांना मनातल्या मनात सुभेदार करून टाकलं.

तिचा स्वभावच तसा. कापड हातात आलं की तिला आधी शिवून तयार झालेला सदरा दिसायचा, मापं मागाहून. तिच्या दुकानावर 'हवालदार टेलर्स' अशी पाटी होती आणि ती काही उगाच नव्हती. गल्लीत आबांना नावाने कोणी हाक मारतच नसे. न्हावी, पोस्टमन, दूधवाला, सगळ्यांचे ते हवालदार. आई होती तेव्हा तीसुद्धा भांडताना "अहो हवालदार" म्हणायची आणि भांडण निम्म्यावर यायचं. आता सुभेदार झाले तर पाटी पुन्हा रंगवावी लागेल, लेकीला काळजी होती ती एवढीच.

खरं म्हणजे दोन दिवस आबांचं काहीतरी बिनसलं होतं. त्यांच्या पलटणीतले जिवलग दोस्त, ज्यांना लेक काका म्हणायची, ते महिन्यापूर्वी गेले होते. गेलेल्या सैनिकाच्या नावाची पितळी पाटी माजी सैनिकांच्या सभागृहात लावतात. तिचा मजकूर कागदावर उतरवून काकू परवा घरी आल्या होत्या. "भावोजी, एकदा नजर घाला. काही चुकलं नाही ना?" कागदावर काकांचं नाव होतं आणि नावाआधी 'नाईक' असं लिहिलं होतं. आबांनी कागद वाचला, त्याची घडी केली, पुन्हा उघडला. "दोन दिवस माझ्याकडे राहू दे, वहिनी," एवढंच म्हणाले. तेव्हापासून त्यांचं जेवणात लक्ष नव्हतं.

दोघं बसने रेकॉर्ड ऑफिसला गेली. लांबलचक हॉल, छताला टेकलेली लोखंडी कपाटं, कुरकुरणारा पंखा. खिडकीमागच्या बाईंचा चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला होता.

"आत्ता हुद्दा काय आहे?"

"हवालदार."

"आणि काय हवा?"

लेक खिडकीशी सरकली.

"नाईक," आबा म्हणाले.

बाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "आजोबा, नाईक खालचा."

"ठाऊक आहे, बाई. दोन्ही झालोय मी."

फॉर्मवर 'मागणी केलेला वरचा हुद्दा' असा रकाना छापलेला होता. बाईंनी 'वरचा' या शब्दावर रेघ मारली. "एकोणीस वर्षं इथे बसते. वर चढवा म्हणणारे रोज येतात. खाली उतरवा म्हणणारे तुम्हीच पहिले. पेन्शन कमी होईल, बरं का."

भर हॉलमध्ये कोणी तोंडात मारावी तसं लेकीला झालं. तिने आबांना दंडाला धरून बाकावर नेलं. "हे काय चालवलंय, आबा?"

आबांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि सांगायला घेतलं. त्यांच्या छावणीत एका बराकीत चाळीस खाटा होत्या. साहेबाच्या लक्षात नावं राहत नसत, म्हणून पहारा, शिक्षा, शाबासकी, सगळं खाटेच्या नंबरावर चालायचं. चौदा नंबरची खाट शेगडीजवळ होती, ती काकांची. एकतीस नंबर दाराशी, वाऱ्याच्या तोंडावर, ती आबांची. हिवाळ्यात आबांना खोकला लागला. "मी नको नको म्हणत होतो. त्याने माझी वळकटी उचलली आणि आपल्या खाटेवर नेऊन टाकली. कारकुनाने तक्त्यात नावं बदलली."

तरी खोकला वाढलाच आणि आबांना छावणीच्या दवाखान्यात हलवलं. त्याच दुपारी तेलाच्या कोठाराला आग लागली. काका तीनदा आत शिरले आणि पिंपं बाहेर ढकलत आले. चेहरा काजळीने ओळखू न येण्यासारखा. साहेबाने विचारलं, "कितवी खाट?" दोन वर्षांची सवय, काकांच्या तोंडून निघून गेलं, "चौदा." साहेबाने तिथल्या तिथे हुकूम लिहिला, चौदा नंबरच्या खाटेला हवालदारकी. कारकुनाने तक्ता पाहिला, चौदावर आबांचं नाव होतं, आणि तो हवालदाराच्या तीन फिती घेऊन थेट दवाखान्यात आला.

"आणि तुम्ही घेतल्यात?"

"त्याला सांगितलं मी. तो हसत सुटला. म्हणाला, राहू दे, त्या बिचाऱ्या कारकुनाची मान अडकेल, मला पुढच्या खेपेला मिळेलच. पुढची खेप काही आली नाही." आबा टोपीची कड चाचपत राहिले. "साहेबाला सांगायला दोनदा दारापर्यंत गेलो. दोन्ही वेळा फिती अंगावर होत्या. चांगल्या दिसत होत्या गं."

लेकीला काका आठवले. घरी आले की उंबऱ्यातच टाचा जुळवून कडक सलाम ठोकायचे. "सलाम, हवालदारसाहेब." वरच्या हुद्द्याच्या माणसाने उलट सलाम केल्याशिवाय हात खाली घ्यायचा नाही, असा त्यांचा नियम, आणि काका तो पाळत तसेच उभे राहायचे. ती पोट धरधरून हसायची. आबा मात्र घाईघाईने हात वर करायचे आणि आत निघून जायचे. वडिलांना थट्टा आवडत नाही, एवढाच अर्थ तिने काढला होता.

"काका गेले, आबा. काकूंनी काही मागितलेलं नाही. आता कोणाला फरक पडतो?"

"मला पडतो. कोणी हवालदार म्हणून हाक मारली की मी ओ देतो. दिवसातून दहा वेळा. आणि संध्याकाळी खुर्ची टाकून बसतो ते तुझ्या पाटीसमोर."

लेकीला त्यांची कीव आली नाही, रागच आला. बारा वर्षं ती ज्या नावाखाली शिवत होती ते दुसऱ्याच्या घरचं निघालं होतं. पण आबा टोपी हातात घेऊन एकटेच खिडकीकडे निघालेले तिला दिसले. ती उठली, त्यांच्याआधी खिडकीशी गेली आणि झालेलं सगळं थोडक्यात सांगितलं. "बाई, याला काय काय लागेल?"

बाई तासाभराने धुळीने माखून आल्या, हातात दोन कागद. एक साहेबाचा हुकूम, त्यावर फक्त खाटेचा नंबर. दुसरं दवाखान्याच्या वहीतलं पान, तीच तारीख, आबांचं नाव, ताप आणि खोकला. "हे दोन कागद दोन कपाटांत होते. इतक्या वर्षांत कोणी शेजारी ठेवलेच नाहीत," बाई म्हणाल्या. "तुमचा जबाब लिहून द्या. त्यांना हुद्दा मिळायचा तर मात्र अर्जावर त्यांच्या पत्नीची सही हवी."

म्हणजे काकूंना सांगणं आलं. आबांनी त्यांच्या घरी उभ्यानेच सगळं सांगितलं. "तुमच्याकडून आले की दिवसभर खुशीत असायचे," काकू म्हणाल्या. "आणि मी वेडी, विचारायचे, तुमचा दोस्त हवालदार झाला, तुम्ही का नाही झालात?" त्यांनी सही केली, पेन आबांच्या हातात न देता टेबलावर ठेवलं आणि दार लावून घेतलं. परतताना आबा बसमध्ये खिडकीबाहेर बघत बसले.

उत्तर यायला चार महिने लागले. दोन लिफाफे निघाले, एक आबांकडे, एक काकूंकडे. लेकीने आबांचा जुना कोट काढला आणि बाहीवरच्या तीन फितींतली एक ब्लेडने टाका टाका उसवली. कापड सगळीकडे विटलं होतं, फितीखाली तेवढं जुन्या रंगाचं राहिलं होतं. दुकानाच्या पाटीवरचा पहिला शब्द तिने स्वतःच शिडीवर चढून रंगाने झाकला. न्हाव्याने कारण विचारलं. तिने खरं ते सांगितलं.

सभागृहात पितळी पाटी लागली त्या दिवशी काकू भिंतीशी वेगळ्या उभ्या होत्या. पाटीवर काकांच्या नावाआधी 'हवालदार' कोरलं होतं. आबा दोन फितींचा कोट घालून पाटीसमोर गेले, टाचा जुळवल्या आणि सलाम केला. "सलाम, हवालदारसाहेब."

हात खाली येईना. लोक पांगायला लागले तरी आबा तसेच उभे होते. लेक पुढे निघाली, पण तिच्याआधी काकू जाऊन पोचल्या. त्यांनी आबांच्या मनगटाला हात लावला.

"हात खाली घ्या, भावोजी," त्या म्हणाल्या. "त्यांनी घेतला सलाम."