आप्पांच्या गळ्यातला कॅमेरा

मित्रांनो, शेवटच्या साध्या दिवशी माझी परीक्षा होती.

वरवंडला गिताबाई नावाच्या ब्याऐंशी वर्षांच्या आजींच्या ओसरीवर मला एका स्टुलावर ठेवलं होतं. शेजारच्या स्टुलावर माझ्याच घराण्यातला, पण माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान असलेला एक कॅमेरा बसला होता. समोर अनुपमा वहीत रकाने आखत होती. तिचे वडील सर्जेराव, ज्यांना सगळे आप्पा म्हणत, ते गिताबाईंना उजेडाकडे तोंड करून बसवत होते.

मी डीएसएलआर कॅमेरा आहे. जुना आहे, हे लपवत नाही. आप्पांनी मला २००८ साली घेतलं, तेव्हा माझे दहा मेगापिक्सेल म्हणजे तळेगाव ढमढेऱ्यात चर्चेचा विषय होता. लोक स्टुडिओत फोटो काढायला कमी आणि मला बघायला जास्त येत. आता माझ्या मुठीवरचं रबर दोनदा चिकटवलेलं आहे. बॅटरीच्या झाकणाला चिकटपट्टी आहे. उजेड कमी झाला की माझ्या फोटोवर कुणी रवा सांडल्यासारखे ठिपके येतात. तरीही त्या दिवसापर्यंत मी एक लाख चाळीस हजार फोटो काढले होते आणि त्यातल्या एकाचीही मला लाज वाटत नाही.

नवा कॅमेरा अनुपमानेच आणला होता. ती कुरकुंभच्या एका औषधांच्या कंपनीत, मालाची तपासणी करणाऱ्या लॅबमध्ये काम करते. पहिल्या मोठ्या पगारवाढीतून तिने तो वडिलांसाठी घेतला. आप्पांनी तो दोन्ही हातांनी घेतला, "लई भारी हाय" म्हणाले, आणि वर्षभर कपाटात ठेवला. कामाला मलाच गळ्यात अडकवून जात राहिले. ते तिच्या मनाला लागलं होतं.

"आप्पा, नुसतं हा बरा आन् तो बरा असं नको," ती त्या दिवशी म्हणाली. "आमच्या लॅबमध्ये दोन नमुने तपासताना बाकी सगळं एकसारखं ठेवतात. तोच उजेड, तेच माणूस, तेच अंतर. मग बोला."

"म्हंजी मी बी नमुनाच का?" गिताबाईंनी विचारलं.

"तुमच्यासारखा नमुना अख्ख्या दौंड तालुक्यात न्हाई, मावशी," आप्पा म्हणाले, आणि आजी पदर सावरत हसल्या.

परीक्षा सुरू झाली. खरं सांगतो, मी एकामागून एक रकाना हरत गेलो. नव्याने ओसरीच्या सावलीत एकही ठिपका येऊ दिला नाही. त्याने गिताबाईंचा डोळा स्वतः शोधून धरला. मला मात्र मधल्या एकाच बिंदूवर भरवसा ठेवावा लागतो. त्याच्या फोटोत नऊवारीच्या काठाचा धागा न् धागा मोजता येत होता. त्याला दोन कार्डं, मला एक. अनुपमा आकडे लिहीत होती आणि तिचा चेहरा उजळत होता. मला राग आला नाही. धाकट्याने कुस्ती मारली तर थोरल्याने फेटा उडवावा, ही आपल्याकडची रीत आहे.

मग एक गंमत झाली. नव्याला पडद्यावर बघून फोटो काढायच्या पद्धतीवर लावलं, की तो अजिबात आवाज करत नाही. अनुपमाला तो गुण वाटत होता. तिने पाच फोटो काढले. गिताबाई श्वास रोखून, मान ताठ करून बसल्या होत्या त्या बसल्याच.

"काढला का न्हाई अजून?" त्या ओठ न हलवता पुटपुटल्या. "जीव चाललाय माझा."

आप्पा हसले. त्यांनी मला उचललं. माझ्या पोटात एक आरसा आहे; फोटो काढताना तो उचलला जातो आणि खाली पडतो, तेव्हा खटॅक असा दणदणीत आवाज होतो. तो ऐकला आणि गिताबाईंनी सोडला एकदाचा श्वास. खांदे उतरले, ओठ सैल झाले, डोळ्यांत त्यांची नेहमीची मिस्कील चमक आली. त्याच क्षणी आप्पांनी दुसऱ्यांदा बटण दाबलं.

मित्रांनो, ही आप्पांची कामाची पद्धत होती. पहिला खटॅक माणसाला मोकळं करण्यासाठी. खरा फोटो दुसरा. त्यांनी कधी कुणाला "हसा" म्हटलं नाही.

"बघितलं का, अनू," ते म्हणाले. "तुझा गडी माझ्या गड्यापेक्षा हुशार हाय. उद्यापासून मी त्योच वापरणार. फकस्त त्याचा आवाज चालू कर. मुक्या माणसासमोर कोण मोकळं व्हतंय?"

अनुपमाने वहीत शेवटच्या रकान्यात काय लिहिलं ते मला दिसलं नाही. पण ती वडिलांकडे बघत राहिली. मग म्हणाली, "बसा तिथं. उन्हातला चेहरा एक बघायचा राहिलाय."

आप्पा अंगणात उन्हात खुर्चीवर बसले. मी त्यांच्या गळ्यात होतो.

"आप्पा, तो काढा की गळ्यातला."

"राहू दे. सोळा वर्सं लोकांचं काढतोय, त्याला बी कळू दे फोटो काढून घेताना कसं वाटतं ते."

असा माझा आयुष्यातला पहिला फोटो निघाला, नव्या कॅमेऱ्यातून. आप्पा हसत होते, मी त्यांच्या छातीवर होतो. त्यानंतर चहा झाला. आप्पा मोटारसायकलवरून न्हावऱ्याच्या रस्त्याने तळेगावला निघाले आणि अनुपमा कुरकुंभला परतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाचा कप खाली ठेवता ठेवता आप्पा गेले. डॉक्टर येईपर्यंतही वेळ मिळाला नाही.

आता थोडं मागचं सांगतो, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

आप्पा लग्नाचे, बारशाचे, शाळेच्या ओळखपत्रांचे फोटो काढत. पण त्यांचं खरं नाव झालं ते म्हाताऱ्या माणसांच्या फोटोंमुळे. बाजाराच्या दिवशी कुणीतरी आजोबा धुतलेला सदरा घालून यायचे आणि म्हणायचे, "सहज आलो, म्हटलं एक काढून ठेवावा." तो फोटो पुढे भिंतीवर लागणार आणि त्याला हार पडणार, हे आजोबांनाही माहीत असे आणि आप्पांनाही. कुणीच ते बोलत नसे. ज्यांचं काढायचं राहून गेलं, त्यांच्या घरून निरोप यायचा. मग आप्पा मला घेऊन त्या घरी जायचे आणि निजलेल्या माणसाचा, दारात रडणं चालू असताना, शांतपणे फोटो काढायचे. मी तिथे कधी चुकलो नाही.

शाळेत मुली अनुपमाला "हारवाल्याची" म्हणत. "हिच्या घरी जेवू नका गं, हिचा बाप मढ्यांचे फोटो काढतो." ती घरी येऊन काही सांगायची नाही. पण स्टुडिओच्या पाटीवर तिचंच नाव होतं, अनुपमा फोटो स्टुडिओ, आणि ती त्या रस्त्याने जायचं टाळायला लागली. दौंडच्या कॉलेजात प्रवेश घेताना फॉर्मवर एक रकाना होता, वडिलांचा व्यवसाय. तिने लिहिलं, शेती. अगदीच खोटं नव्हतं. भावकीचा ऊस होता, त्यात आप्पांचाही वाटा होता. पण आप्पांनी शेतात पाय ठेवला तो पिकाचे फोटो काढायलाच. पालकांच्या सहीसाठी तिने फॉर्म पुढे केला, तेव्हा मी टेबलावरच होतो. आप्पांनी तो सावकाश वाचला. त्या रकान्यावर त्यांचं बोट थांबलं.

"पेन दे," एवढंच ते म्हणाले, आणि सही केली.

पुढे पंधरा वर्षांत तिने त्यांना सगळं दिलं, औषधं, मोबाइल, नवा कॅमेरा. त्या रकान्याबद्दल मात्र एक शब्द बोलली नाही.

आता आप्पा गेल्यावर फोटो हवा होता. हजारो भिंतींवर फोटो लावणाऱ्या माणसाचा स्वतःचा धड असा एकच निघाला, वरवंडचा. माझ्याकडे त्यांचा एकही नव्हता. मी नेहमी त्यांच्या हातात असायचो. म्हणून सांगतो, नवा माझ्यापेक्षा चांगला की वाईट हा प्रश्न माझ्यापुरता तिथेच मिटला. जे मला सोळा वर्षांत जमलं नाही ते त्याने एका दुपारी केलं. थोरला म्हणून मी त्याचा ऋणी आहे.

अनुपमाने तो फोटो चुलतभावाकडे, पृथ्वीराजकडे पाठवला. पृथ्वीराज गावच्या शेतकरी सोसायटीचा संचालक. फ्लेक्स, मांडव, माइक, सगळं त्यानेच अंगावर घेतलं होतं. मनाने चांगला माणूस. तीन दिवस जेवायलाही बसला नव्हता. चौथ्या दिवशी एसटी स्टँडच्या चौकात फ्लेक्स लागला.

अनुपमा बघायला गेली. मी आणि नवा तिच्या खांद्यावरच्या पिशवीत होतो, चेन अर्धी उघडी. फ्लेक्सवर आप्पांचा चेहरा होता, वरवंडचाच. पण डोक्यावर गुलाबी फेटा होता आणि अंगात निळा कोट. मी नव्हतो. खाली मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, प्रगतशील शेतकरी कै. सर्जेराव.

"दादा, हे काय केलंत?" तिने तिथेच उभ्या असलेल्या पृथ्वीराजला विचारलं.

"कोट व्हय? फ्लेक्सवाल्यानं बसावला. आप्पांनी उभ्या जन्मात कोट घातला न्हाई, म्हटलं आता तरी."

"कॅमेरा कुठंय?"

"काढून टाकला. गळ्यात काळा पट्टा दिसत व्हता बघ, बैलाच्या दाव्यावानी. बरं न्हाई दिसत."

"ते शेतकरी नव्हते, दादा."

"अगं, समद्यांच्याच फ्लेक्सवर असतंय ते. मानाचं असतंय. फोटोग्राफर लिहिलं तर लोकांना वाटंल लग्नाची जाहिरात हाय." मग तो आवाज खाली आणून, अजिबात टोमणा न मारता म्हणाला, "आन् अनू, तू तरी काय लिहिलं व्हतंस? दौंडला फॉर्मच्या रांगेत मी तुझ्या मागंच उभा व्हतो."

अनुपमाने पिशवी सावरली आणि घराकडे वळली. फ्लेक्स तिथेच राहिला, आणि ती सहा दिवस त्या चौकातून मान खाली घालून गेली. ज्या माणसाने साऱ्या गावाचे खरे चेहरे जपले, तो स्वतः दुसराच कुणी म्हणून गावाच्या लक्षात राहणार होता. ते बदलायचं तर तिला आधी स्वतःचं खोटं कबूल करावं लागणार होतं, आणि तेही चारचौघांत.

मित्रांनो, इथे मला तुम्हाला एक सांगायचं आहे. जुनी वस्तू कपाटात गेली म्हणून मरत नाही. तिची बॅटरी काढून ठेवा, तिला ओल लागू देऊ नका, महिन्यातून एकदा हातात घ्या, तेवढं पुरे. नवं घेतलंत तर मजेत वापरा, आम्ही रुसत नाही. पण ज्या हातांनी आमच्याकडून काम करून घेतलं, त्या हातांचं काम काय होतं ते विचारलं तर खरं सांगा. आमची निगा त्यातच आली.

दहाव्या दिवशी सकाळी नदीवर दशक्रिया झाली. पिंडाला कावळा लवकर शिवला. त्यानंतर आपल्याकडे होतात तशी श्रद्धांजलीची भाषणं सुरू झाली. मागे तोच फ्लेक्स बांधला होता. कारखान्याचे एक संचालक म्हणाले, आप्पांची मातीशी नाळ होती. दुसरे म्हणाले, त्यांनी उसाच्या नव्या वाणाचा प्रसार केला. पृथ्वीराज माइक हातात घेऊन एकेकाचं नाव पुकारत होता. बायका एका बाजूला बसल्या होत्या, त्यांत अनुपमा, आणि तिच्या मांडीवर आमची पिशवी.

वरवंडहून जीपने गिताबाई आल्या. उशीर झाला होता, दम लागला होता. त्या अनुपमाशेजारी टेकल्या, डोळ्यांवर हात आडवा धरून फ्लेक्सकडे बघितलं आणि विचारलं, "ह्यो कोण पुढारी वारला? मी तर आप्पासाठी आलेय."

"आजी, ते आप्पाच आहेत."

"न्हाई बाई," गिताबाई ठामपणे म्हणाल्या. "आप्पा माझा फोटू काढणारा. ह्यो न्हाई."

बाजूच्या दोघी हसू दाबत पदर तोंडावर घेऊ लागल्या. अनुपमा हसली नाही. तिने पिशवी गिताबाईंच्या मांडीवर ठेवली आणि उठली. पुरुषांच्या रांगांमधून वाट काढत ती पुढे गेली.

"दादा, माइक द्या."

"अगं, आपल्यात बायका हितं..." पृथ्वीराज बोलता बोलता थांबला. त्याने तिच्या तोंडाकडे बघितलं. मग खिशातली नावांची यादी चुरगळली आणि माइक तिच्या हातात दिला. "बोल," तो म्हणाला. "मी हाय हितं."

गिताबाईंच्या मांडीवरून मला तिचा आवाज स्वच्छ ऐकू आला. सुरुवातीला तो थोडा बारीक होता, नंतर नाही.

"मी अनुपमा. आप्पांची मुलगी. आत्ता जे बोलले त्यांचं काही चुकलं नाही. फ्लेक्सवर लिहिलंय तेच ते बोलले. दादानं लिहिलं, त्याचंही चुकलं नाही. शेतकरी हा शब्द आप्पांच्या नावापुढं पहिल्यांदा मी लिहिला, अठराव्या वर्षी, कॉलेजच्या फॉर्मवर. त्यांनी तो वाचला आणि सही केली. मला एका शब्दानं विचारलं नाही. मी पण कधी बोलले नाही."

मग ती समोर बसलेल्या लोकांकडे वळली.

"तुमच्या घरात भिंतीवर आईवडील आहेत, आजीआजोबा आहेत. ते जसे होते तसे तुम्हाला अजून दिसतात, ते आप्पांमुळं. लोक मला विचारायचे, वडील काय करतात, आणि मी दरवेळी दुसरंच काहीतरी सांगितलं. आप्पा, तुम्ही ऐकत असाल तर ऐका. माझे वडील फोटोग्राफर होते."