अण्णांच्या पायाची साक्ष

टेबलाखाली पडलेला चमचा उचलायला ती वाकली आणि तशीच वाकलेली राहिली. वर अण्णा डोळ्यांसमोर पेपर धरून बसले होते. खाली त्यांचा उजवा पाय फरशीवर ब्रेक मारत होता. टाच टेकलेली, चवडा दाबायचा, सोडायचा, पुन्हा दाबायचा. कधी सावकाश, कधी एकदम झटक्यात.

ती चमचा घेऊन वर आली आणि काहीच न बघितल्यासारखी बेसिनकडे गेली.

अण्णा म्हणजे तिचे सासरे. चौतीस वर्षं त्यांनी बस चालवली. डोंगरातली वळणं, धुकं, मध्येच आडवी येणारी गुरं, सगळं बघितलं, पण गाडीला ओरखडा म्हणून नाही. निवृत्तीनंतर घरच्या छोट्या गाडीतून नातीला शाळेत सोडायचं काम त्यांनी आपणहून मागून घेतलं होतं. नात सात वर्षांची. घरात तिला चिमी म्हणत. आजोबा गिअर बदलायचे आणि ती मागच्या सीटवरून पुढच्या थांब्याचं नाव पुकारायची.

अकरा दिवसांपूर्वी शाळेच्या उतारावर गाडी वेळेत थांबली नाही. फाटकाशेजारच्या दिव्याच्या खांबावर जाऊन टेकली. वेग फारसा नव्हता. बंपर चेपला, एवढंच. पण चिमीचं नाक पुढच्या सीटवर आपटलं आणि गणवेशाच्या पांढऱ्या कॉलरवर रक्ताचे चार थेंब पडले.

घरात कुणी आरडाओरडा केला नाही. केला असता तर एकवेळ बरं झालं असतं. तिचा नवरा गाडी वर्कशॉपमध्ये घेऊन गेला. त्यांनी मशीन लावलं, दोन फेऱ्या मारल्या आणि सांगितलं, ‘ब्रेक एक नंबर आहेत, साहेब.’ मग तो घरी येऊन वडिलांशेजारी बसला आणि अगदी हळू आवाजात म्हणाला, “अण्णा, वयाबरोबर पायाचा अंदाज थोडा चुकतोच. त्यात तुमचा दोष नाही.”

अण्णांनी खिशातून किल्ली काढून टेबलावर ठेवली. चिमी तेवढी ठणकावून म्हणाली, “आजोबांनी ब्रेक दाबला होता. गाडीनेच ऐकलं नाही!” पण सात वर्षांच्या पोरीचं कोण मनावर घेतं?

तिनेही घेतलं नव्हतं, आणि हेच आता तिला खात होतं. कारण तिचं कामच ऐकण्याचं होतं. कानांच्या दवाखान्यात ती लोकांची श्रवणचाचणी घ्यायची. रोज दहा-बारा म्हातारी माणसं तिच्यासमोर येऊन बसत. सोबत आलेला मुलगा किंवा मुलगी तिलाच सांगे, ‘ह्यांना हल्ली काही ऐकू येत नाही.’ ती त्यांना बाहेर बसवायची आणि आधी म्हाताऱ्या माणसाला विचारायची, ‘तुम्ही सांगा, तुम्हाला काय होतंय?’ घरच्या म्हाताऱ्याला मात्र गेल्या अकरा दिवसांत तिने हे विचारलं नव्हतं. सगळ्यांनी विचारलं होतं ते ‘असं कसं झालं हो?’ आणि अण्णांनी तोंड उघडायच्या आत उत्तरही विचारणाऱ्यांनीच देऊन टाकलं होतं.

तिने हात पुसले, खुर्ची ओढली.

“अण्णा, त्या दिवशी नक्की काय झालं?”

अण्णांनी पेपराची घडी घातली. ती नीट बसेना म्हणून पुन्हा घातली.

“ब्रेक खाली गेला, पोरी.”

“म्हणजे?”

“दाबला तेव्हा लागला. मग पायाखालून हळूच निघून गेला. कापसाच्या गादीवर बसलं की ती दबत जाते ना, तसा. शेवटी पुन्हा लागला, पण तोवर खांब आला होता.”

“मग हे बोलला का नाहीत?”

“मशीन म्हणालं गाडी ठीक आहे. मग मलाच वाटायला लागलं, खरंच दाबला होता ना आपण? की दाबल्यासारखं वाटलं?” ते थांबले. “आणि त्या लेकराच्या नाकातून रक्त येत होतं. तिथे मी स्वतःची बाजू काय मांडत बसू?”

दवाखान्यातल्या एका बाईंनी कधीतरी एका मेकॅनिकचं नाव काढलं होतं. लोक तिला बॅटरीताई म्हणत, कारण सुरुवातीला ती नुसत्या बॅटऱ्या दुरुस्त करायची. सुनेने या बॅटरीताईला फोन लावला आणि अण्णा बोलले ते शब्दशः सांगितलं.

पलीकडून खरखरीत आवाज आला, “गाडी जागची हलवू नका. मी ओढून नेते.”

तिने फोन ठेवला आणि अण्णांना सांगितलं. ते तिच्याकडे बघतच राहिले.

“म्हणजे तिला खरं वाटलं?”

दुसऱ्या दिवशी तिने रजा टाकली. नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, “उगाच त्यांना आशा लावू नकोस गं.” त्याच्या बोलण्यात राग नव्हता, काळजीच होती.

बॅटरीताई पन्नाशीची, बुटकी, आखूड केसांची. चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. गॅरेज म्हणजे पत्र्याची लांबट शेड, पण जमीन इतकी स्वच्छ की चप्पल काढावी की काय असं वाटावं. गाडी आत आल्यावर तिने बॉनेट उघडलंच नाही. स्टूल ओढून ती अण्णांसमोर बसली.

“काका, ब्रेक खाली गेला त्याच्या आधी, त्याच फेरीत, पायाला आणखी काही जाणवलं होतं?”

अण्णांनी डोळे मिटले. चौतीस वर्षांत कुठल्या वळणावर किती ब्रेक लागतो ते ज्यांच्या अंगात मुरलं होतं, ते आता एक-एक वळण घेत शाळेकडे निघाले असावेत.

“पाण्याच्या टाकीपाशी रस्त्याचं काम चाललंय. वळणावर खडी पडलेली असते. तिथे दाबला तेव्हा पॅडल टरटरलं. चाक घसरायला लागलं की ते तसं करतंच, त्यामुळे मी मनावर घेतलं नाही. नंतर उतारावर… ते झालं.”

बॅटरीताईने चष्मा डोळ्यांवर चढवला. “वर्कशॉपमध्ये हे सांगितलंत?”

“विचारलं कुणी?”

“तेच तर!” ती मांडीवर थाप मारून उठली आणि बॉनेट उघडून आतल्या एका धातूच्या ठोकळ्यावर बोट ठेवलं. पुस्तकाएवढा ठोकळा, त्यातून चारही चाकांकडे नळ्या गेलेल्या. “यात प्रत्येक चाकाला दोन व्हॉल्व्ह असतात. चाक घसरायला लागलं की एक व्हॉल्व्ह ब्रेकचं तेल अडवतो, दुसरा थोडं सोडून देतो, म्हणजे चाक मोकळं होऊन पुन्हा रस्ता पकडतं. ती टरटर त्याचीच. आता सोडणारा व्हॉल्व्ह काम झाल्यावर गच्च बंद व्हायला हवा. तिथे कचऱ्याचा बारीक कण अडकला तर तो बंद होत नाही. तेल झिरपतं, पॅडल खाली जातं. पुढच्या वेळी कण सरकला की सगळं ठीक.”

“मग मशीनला कसं नाही कळलं?” तिने विचारलं.

“मशीनला वायर कळते. वायर शाबूत असली की त्याच्या लेखी गाडी शाबूत. आणि त्यांनी फेरी मारली ती गुळगुळीत रस्त्यावर. तिथे हे व्हॉल्व्ह उघडतच नाहीत, तर अडकतील कुठून?” बॅटरीताई अण्णांकडे वळली. “पण हा नुसता माझा अंदाज झाला. सिद्ध करायला मला एक चांगला पाय हवाय. बसा गाडीत.”

चारही चाकं जमिनीपासून वीतभर उचलली गेली. लॅपटॉप वायरने गाडीला जोडला. त्यावरून एक-एक व्हॉल्व्ह उघडून बंद करायचा, तेवढा वेळ अण्णांनी ब्रेक सारख्या जोराने दाबून धरायचा. आणि सुनेने दाराशी गुडघ्यावर बसून पॅडलला स्टीलची पट्टी लावून बघायचं.

तिला एकदम आपली दवाखान्यातली खोली आठवली.

“ताई, कुठला व्हॉल्व्ह चालू करताय ते त्यांना सांगू नका. मलाही नको. आणि अधूनमधून काहीच न करता नुसतं थांबा.” मग अण्णांकडे वळून म्हणाली, “पॅडल जातंय असं वाटलं की फक्त बोट वर करा. बोलू नका.”

बॅटरीताईने भुवया उंचावल्या. “तुम्ही कुठल्या गॅरेजात असता?”

“कानांच्या.”

अण्णा कितीतरी दिवसांनी हसले. बूट काढून ते बसले. मोज्याच्या अंगठ्यापाशी त्यांनी स्वतःच मारलेले वेड्यावाकड्या टाक्यांचे निळे दोरे दिसत होते.

‘टिक्’ असा आवाज झाला. पट्टी जागेवर. पुन्हा टिक्. जागेवर. मग नुसती शांतता. पुन्हा टिक्. पहिली फेरी संपली, दुसरी झाली. अण्णांचं बोट वर गेलं नाही. त्यांच्या कपाळावर घाम आला होता. तिच्या लक्षात आलं, ही परीक्षा त्यांच्या मते गाडीची नव्हतीच. काही सापडलं नाही तर दोष पायाचा, हे त्यांनी मनाशी ठरवून टाकलं होतं. आणि आपणच त्यांना इथे आणून बसवलं होतं.

“थकलात का, काका?”

“नाही. चालू द्या.”

तिसऱ्या फेरीत अण्णांचं बोट वर गेलं.

तिने पट्टीकडे पाहिलं. पॅडल होतं तिथेच होतं. असं होताना तिने खूपदा पाहिलं होतं. आवाज नसतानाही लोक बोट वर करतात, आपण कामातून गेलो असं कुणी म्हणू नये म्हणून. ती मान वर करणार तेवढ्यात पॅडलची कड पट्टीवरची एक रेघ ओलांडून गेली. मग दुसरी. मग सावकाश, गादी दबावी तशी, तिसरी, चौथी, पाचवी.

“जातंय!” बोलायचं नाही हे तीच विसरली. “ताई, जातंय! खाली जातंय!”

“पुढचं डावं चाक,” बॅटरीताई लॅपटॉपवरून नजर न काढता म्हणाली. “थांबा, पक्कं करू.”

तिने आणखी अकरा वेळा तपासलं. त्यांतल्या दोन वेळा पॅडल गेलं, दोन्ही वेळा त्याच चाकाच्या व्हॉल्व्हला, आणि दोन्ही वेळा पट्टीच्या आधी अण्णांचं बोट वर होतं. जिथे काहीच केलं नव्हतं तिथे बोट मांडीवरून हललंही नाही.

“काका, असा पाय मला भाड्याने मिळाला तर हे मशीन मी मोडीत काढेन,” बॅटरीताई म्हणाली.

अण्णा गाडीतून उतरले नाहीत. स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून समोरच्या भिंतीकडे बघत राहिले. “पाय काढू?” त्यांनी विचारलं.

“काढा की.”

त्यांनी पाय काढला, बूट घातला, पण बोटांना नाडी सापडेना. ती तिथे गुडघ्यावर होतीच. तिने नाडी बांधली.

“अण्णा, मलाही वाटलं होतं तुमचाच पाय चुकला.”

“माहीत आहे मला.” त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. “मलाही वाटलं होतं.”

तो ठोकळा आतून साफ करता येत नाही, सगळाच बदलावा लागतो. नवा यायला चार दिवस गेले. ब्रेकचं जुनं तेल काढलं तेव्हा ते काळं निघालं. सात वर्षांत एकदाही बदललेलं नव्हतं. ते बघून अण्णांचा चेहरा पडला. “हे मात्र माझं,” ते म्हणाले. “बसचं डेपोतले लोक बदलायचे. घरच्या गाडीचं माझ्या डोक्यातच आलं नाही.” बॅटरीताईने त्यांची समजूत घातली नाही. तेल बदलायची पुढची तारीख एका चिठ्ठीवर लिहून ती गाडीच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवली.

मग नवा ठोकळा बसवून बॅटरीताई अण्णांशेजारी बसली आणि दोघं पाण्याच्या टाकीच्या वळणावर गेले. खडीवर तीनदा ब्रेक मारला, तीनदा पॅडल टरटरलं आणि तिन्ही वेळा उतारावर गाडी सांगितल्या जागी उभी राहिली.

त्या संध्याकाळी तिने नवऱ्याला सगळं सांगितलं, पट्टीवरच्या रेघांसकट. तो उठून अण्णांच्या खोलीच्या दारापर्यंत गेला, परत आला, पाणी प्यायला, पुन्हा गेला. अण्णा कपाटातले कपडे लावत होते.

“अण्णा,” तो दारातूनच म्हणाला, “उद्या मला ऑफिसला सोडाल? चिमीला सोडून पुढे?”

अण्णांनी हातातला शर्ट खाली ठेवला नाही.

“आठ वाजता खाली ये. उशीर केलास तर थांबणार नाही.”

सकाळी आठला दहा कमी असतानाच तो खाली गेला. तिने गॅलरीतून पाहिलं. गाडी उभी होती आणि काचेतून दोघांची डोकी दिसत होती. तिचा नवरा काहीतरी बोलत होता, अडखळत असावा, कारण मध्येच तोंड फिरवून खिडकीबाहेर बघत होता. अण्णा सरळ समोर बघत ऐकत होते. मग त्यांचा डावा हात उचलला गेला आणि मुलाच्या मानेवर जाऊन बसला. तो तिथे बराच वेळ होता. काय बोलणं झालं ते तिला कुणी सांगितलं नाही, तिनेही कधी विचारलं नाही.

खालून दोनदा हॉर्न वाजला. घरात चिमी एका पायात बूट घालून लंगडी घालत फिरत होती आणि दुसरा काही केल्या सापडत नव्हता.

“आजोबांना सांग ना, दोनच मिनिटं!” ती रडवेल्या आवाजात म्हणाली.

तिची आई बूट शोधायला पलंगाखाली वाकली.