तळघरातल्या दिव्याचा शेवट

वलगावच्या पार्बताबाईच्या पोटात जे दुखत होतं, त्यावर कुठल्याच वैद्याकडे औषध नव्हतं. त्या दुखण्याचं नाव होतं शकुन.

तसं पाहिलं तर शकुननं तिचं काय घोडं मारलं होतं? काही नाही. वलगावातच नव्यानं लग्न होऊन आलेली पोरगी. अमरावतीच्या भाजीबाजारात पार्बताबाईच्या वांग्यांशेजारी तिनं आपली मेथी मांडली, एवढंच. पण ती यायच्या आधी त्या ओळीत एकच तोंड चालायचं, आणि ते पार्बताबाईचं.

रेडिओवर दर गुरुवारी संध्याकाळी एक श्रुतिका लागायची, ‘तळघरातला दिवा’. मोठे जमीनदार, मालगुजार दाजीसाहेब, बंद तळघरात मेलेले सापडतात, आतून कडी, आणि शेजारी दिवा जळतोय. मारलं कोणी? पार्बताबाई वलगावला नत्थुजी शिंप्याच्या दुकानापुढे बसून ते ऐकायची, आणि शुक्रवारी सकाळी, घाऊक भाजीचा लिलाव, हर्रास, उरकला की बाजारात सांगायची. बाजारात कोणाच्या घरी रेडिओ होता? कोणाच्याच नाही. म्हणून केळीवाल्या, लिंबूवाल्या, गिऱ्हाइकं, सगळ्या तिच्या ढिगाभोवती जमायच्या. पार्बताबाई गोष्टीतल्या कंपाउंडरसारखी खोकायची, आंधळ्या आत्याबाईसारखी चाचपडायची, आणि ऐन मोक्याला थांबून म्हणायची, “वांगे घ्या वो, गोठ कुठी पळून जात नाई!” त्या दिवशी तिची वांगी दुपारच्या आत संपायची. वांग्यांचं सोडा. त्या एका सकाळी सगळा बाजार आपल्या तोंडाकडे पाहतो, यावर ती अख्खा आठवडा जगायची.

आणि मग ही शकुन. एका शुक्रवारी गोष्ट संपल्यावर सहज म्हणाली, “मावशी, मले वाटते कंपाउंडरनंच मारलं. औषधाची बाटली त्यानंच लपवली ना?”

झालं. पुढच्या शुक्रवारी कंपाउंडरच्या खोलीत खरंच बाटली सापडली. बाजार शकुनवर खूश! केळीवाली गोदाबाई तर पार्बताबाईची गोष्ट संपायच्या आधीच मान वळवून विचारू लागली, “शकुन, तुले काय वाटते वं?” सांगायचं पार्बताबाईनं, घसा कोरडा करायचा तिनं, आणि विचारायचं कोणाला? शकुनला! पार्बताबाईच्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा. ती मेथीकडे बघून म्हणायची, “पिवळी पडून राहिली तुही भाजी. तिकडं पाह्य आधी.”

तिसऱ्या वर्षी रेडिओनं सांगून टाकलं, हे शेवटचं पर्व. बाजाराचा जीव टांगणीला लागला. प्रत्येकीचा खुनी वेगळा होता, पण बहुतेक बाया शकुनच्या कंपाउंडरवर अडून बसल्या होत्या. लिंबूवाल्या माणिकबाईला मात्र दाजीसाहेब मेलेलेच नकोत. ते उठून बसले पाहिजेत, असा तिचा हट्ट. शेवटच्या भागाच्या आधी शकुन म्हणाली, “मी अकोल्याले बहिणीकडं चालली. तिच्या घरी मोठा रेडिओ हाये. शेवट तिथंच आयकीन.”

पार्बताबाई फणकारली, “आयक बापा. रेडिओ मोठा असला म्हणून खुनी बदलत नाई.”

गुरुवारी संध्याकाळी ती नत्थुजीच्या दुकानापुढे सगळ्यांत पुढे बसली. नत्थुजीनं बटण फिरवलं. रेडिओ खरखरला, एक उसासा टाकला आणि गप्प झाला. नत्थुजीनं थापट्या मारल्या. काही नाही. तेव्हा तो कान खाजवत म्हणाला, “पुतणीच्या हळदीत दिवसभर गाणे लावले होते ना. बॅटरी उतरली वाटते.”

“तुह्या पुतणीच्या हळदीले आग लागो!” पार्बताबाई किंचाळली. पण किंचाळून बॅटरी थोडीच भरते?

तिला रडूच आलं. उद्या बाजाराला काय सांगायचं, हे एक झालं. पण खरं सांगायचं तर तिला स्वतःलाच शेवट हवा होता हो! तीन वर्षं ती त्या तळघरात राहिली होती. आणि आता तो शेवट अकोल्याला गादीवर बसून कोण ऐकत होतं? शकुन!

सकाळी बाजारात बाया आधीच जमल्या होत्या. पार्बताबाईनं ठरवलं होतं, सरळ सांगून टाकायचं की बाई, काही ऐकलं नाही. तेवढ्यात तिला शकुन दिसली. हातात पिशवी, केस विस्कटलेले, बडनेऱ्याला आगगाडीतून उतरून थेट बाजारात आलेली. मेथी नाही, टोपली नाही. चेहऱ्यावर असं तेज की आत्ता तोंड उघडते की मग.

पार्बताबाईच्या काळजात कळ उठली. ही सांगणार. माझ्या जागी बसून ही सांगणार, आणि खुनी हिचाच निघणार.

“बसा वो सगळ्या!” ती ओरडली. “सांगतो!”

आणि सुरू झाली. काय सांगते आहे, तिचं तिलाच ठाऊक नव्हतं. एकच पक्कं होतं, कंपाउंडर नाही. मेली तरी कंपाउंडर नाही! मग कोण? तोंडातून निघून गेलं, “आंधळी आत्याबाई!”

“अवं माय!” गोदाबाई म्हणाली. “तिले तर दिसत नाई!”

“कोण म्हनते दिसत नाई?” पार्बताबाईनं डोळे वटारले, आणि कुठून कोण जाणे, पहिल्या वर्षीचा एक भाग तिच्या जिभेवर आला. “पहिल्यांदा तळघरात गेली तवा थे काय बोलली होती? ‘दिव्याची काच काळी झाली, पुसा.’ आंधळीले काच काळी झालेली दिसते का?”

बाजारात मग एकच गलका! माणिकबाईनं तर दाजीसाहेब उठले नाहीत म्हणून डोळे पुसले. वांगी कधी संपली ते कळलंही नाही.

पण पार्बताबाईचं लक्ष शकुनकडे होतं. ती आता उठेल, आता म्हणेल खोटं आहे. शकुन उठली नाही. आ वासून ऐकत राहिली, आणि नंतर पिशवी उचलून निघून गेली. एक शब्द नाही! पार्बताबाईला ते जास्त झोंबलं. दया दाखवते मला? कालची पोर?

दिवसभर तिला चैन पडेना. हिला खरं माहीत आहे आणि मला नाही. संध्याकाळी वलगावला ती अंगण झाडत असताना शकुन दारात येऊन उभी राहिली.

“मावशी, सासू सांगून राहिली, काल नत्थुजीचा रेडिओ बंद होता म्हणे.”

पार्बताबाईच्या हातातला झाडू थांबला. “मंग? सांग जाऊन बाजारात!”

“कायले सांगू?” शकुन ओट्यावर बसली. “तुमाले खरा शेवट आयकायचा हाये का नाई?”

पार्बताबाई झाडलेलीच जागा पुन्हा झाडू लागली. पण शकुनला काय दिसायचं ते दिसलं.

“सांगतो. पण पुढल्या गुरुवारपासून नवी श्रुतिका हाये. शुक्रवारी बाजारात थे मी सांगीन. तुमी मधात बोलायचं नाई. कोण असंन, हे बी सांगायचं नाई.”

जळत्या लाकडानं डागावं तसं झालं पार्बताबाईला. ती जागा! तिची जागा! चालती हो म्हणावं आणि दार लावून घ्यावं. पण मग तो शेवट? मरेपर्यंत तो दिवा तसाच जळत राहील, आणि मारलं कोणी हे या पोरीला माहीत असेल, मला नाही.

“घे माय, घे जागा,” ती म्हणाली. “सांग.”

“आत्याबाईनंच मारलं.”

“काय?”

“तिले दिसत होतं. काचेवरूनच पकडली. तुमी सांगितलं तसंच्या तसं.” शकुन उठून लुगडं झटकू लागली. “मी धावतपळत आली होती सांगाले. तुमी तेच सांगून राहिल्या, मंग मी काय बोलू? मले वाटलं तुमी आयकलं. घरी आल्यावर समजलं का रेडिओच बंद होता.”

ती गेली. पार्बताबाई झाडू धरून तशीच उभी. आधी तिला हसू फुटलं, मग असा राग आला की झाडू विहिरीकडे भिरकावला. स्वतःच्या अकलेवर तिनं तेवढा भरवसा ठेवला असता तर! शकुनचा खुनी चुकला, तिचा बरोबर निघाला, आणि जागा मात्र शकुनची झाली.

पुढच्या शुक्रवारी बाया मेथीच्या ढिगाभोवती बसल्या. शकुन सांगत होती. अडखळत होती, नावं विसरत होती, मोक्याच्या जागी थांबतही नव्हती. तरी सगळ्या तिच्याच तोंडाकडे पाहत होत्या. नव्या श्रुतिकेत एका वकिलाच्या घरचा हार चोरीला गेला होता. चोर कोण, हे पार्बताबाईला गुरुवारीच, नत्थुजीच्या दुकानापुढे, पहिल्या भागातच कळलं होतं.

गोदाबाईनं मान वळवली. “पार्बताबाई, तुमाले काय वाटते वो? कोण असंन?”

शकुन बोलायची थांबली आणि तिच्याकडे बघू लागली. पार्बताबाईच्या ओठांवर नाव आलं होतं. तिनं एक वांगं उचललं, पदराला पुसलं आणि पुन्हा ढिगावर ठेवलं.

“मले काय माहीत, बाई?” ती म्हणाली. “मी तर आयकून राहिली.”