वरचा मजला

"धाकट्याला उपाशी ठेवू नकोस, पण त्याच्या अकलेच्या भरवशावरही राहू नकोस." शेवटच्या आजारपणात सासूबाईंनी माझा हात धरून हे सांगितलं होतं. मी दोन्ही गोष्टींना हो म्हटलं होतं.

धाकटा म्हणजे माझे दीर. ते खाली राहायचे, आम्ही वर. परवा त्यांना मोठ्या हॉलची हौस आली आणि त्यांनी मधली भिंत पाडायला माणसं लावली. मी जिन्यातूनच विचारलं, "भाऊजी, कुणा जाणत्याला दाखवलंत का?"

"वहिनी, तुम्ही देवाचं बघा, मी घराचं बघतो!"

हे म्हणाले, "लहान आहे, करू दे हौस. तू म्हणजे उगीच घाबरट." भिंत गेली.

काल सकाळी नेहमीसारखी देवापुढे बसले. पूजा होईपर्यंत मी बोलत नाही, तो माझा नेम. दिवा लावला आणि पाहतच राहिले. तेल एका बाजूला सरकलं, काठावरून पाटावर सांडायला लागलं. दिवा पुसून पुन्हा नीट ठेवला. पुन्हा तेच. मागे कपाटाचं दार आपोआप उघडलं.

मग मी ओरडले. एवढा मोठा आवाज माझ्यात आहे हे मलाच ठाऊक नव्हतं.

हे धडपडत उठले. "तू... पूजेत बोललीस?"

"बाहेर व्हा! आधी बाहेर!"

ह्यांना ढकलतच जिना उतरले, खालचं दार बडवलं. जाऊबाई झोपेतून अनवाणी आल्या, मागून भाऊजी वैतागत. आम्ही फाटकाशी पोचलो न पोचलो तोच देवघराची जमीन त्या नव्या हॉलमध्ये कोसळली. आम्ही चौघंही उभे होतो, एवढंच मला पुन्हा पुन्हा मोजावंसं वाटत होतं.

"मिस्त्री म्हणाला होता, नुसती आडभिंत आहे, तिच्यावर भार नाही," भाऊजी पुटपुटले.

"वर माणसं राहतात, हे त्याला सांगितलं होतंस का?" ह्यांनी भाऊजींचा दंड धरून विचारलं.

भाऊजी माझ्याकडे वळले. "वहिनी, तुम्हाला कळलं कसं?"

"तुम्हीच म्हणाला होतात ना? देवाचं बघत होते."

दुपारी आम्हाला ह्यांच्या मित्राची रिकामी जागा मिळाली, भाऊजी आणि जाऊबाई आपल्याच दुकानामागच्या खोलीत गेले. निघताना भाऊजी म्हणतात कसे, "दादा, नाहीतर तुमच्याकडेच येतो. मग दोघं मिळून परत बांधू. मिस्त्री तोच, आता सवलत देईल."

हे "बघू" म्हणणार, हे मला ओठांवरूनच दिसलं.

"नाही, भाऊजी," मी म्हणाले. "ह्यापुढे तुमच्या छताखाली आम्ही नाही, आणि आमच्या छताखाली तुम्ही नाही."

लग्नापासून माझ्या तोंडून कुणी ‘नाही’ ऐकलं नव्हतं. भूकंप झाल्यासारखे दोघे भाऊ माझ्याकडे बघत राहिले.

संध्याकाळी परक्या ओट्यावर स्वयंपाक केला. दोन माणसांचा डबा भरला, झाकण घट्ट लावलं. नव्या जागेची किल्ली कमरेला खोचली आणि दुकानाच्या वाटेला लागले.